चढावरचा दम

समोरच्याचं बोलणं अर्ध्यावर तोडून आमच्या दवाखान्यातले कंपाउंडर त्याचं मनगट हातात घेत आणि विचारत, “चढ चढताना छातीत दाटून यायलंय का?” माणूस लग्नाचं आमंत्रण द्यायला आला असला तरी हेच. तुम्ही पाहिलं असतं तर हसू आवरलं नसतं.

भालकीच्या बाजूला आमचं गाव. निजामाच्या राज्यातला लहानसा दवाखाना. डॉक्टर महिन्यातून एकदा बीदरहून येत. एरवी सगळा कारभार या कंपाउंडरांचा. मी शेजारच्या शाळेत मास्तर होतो.

चाळिशी उलटलेल्यांनी काळजाचं दुखणं वेळेत ओळखावं, हा त्यांचा ध्यास. छातीत कळ आली की गाव म्हणे, वायू धरला. हे बाजाराच्या दिवशी पारावर उभे राहत. “मोटेचा बैल बी दुपारी सुटतो. काळीज जन्मल्यापासून सुटलं न्हाई. ते कुरकुरायलंय तर ऐका की!”

“मग पोळ्याला त्याला बी सजवू, साहेब!” कोणीतरी ओरडे. सगळे हसत, तेही हसत, आणि पुढच्या बाजारी पुन्हा उभे.

त्यांचं ऐकलं एकाच माणसानं. पन्नाशीचा धनगर, माळ चढताना दहादा थांबायचा. यांनी त्याची छाती तपासली आणि मेंढरांमागं जाणं बंद करायला सांगितलं. तो घरी बसला. धाकटा भाऊ मेंढरं नेऊ लागला आणि रोज बोलू लागला, “अण्णा, हातपाय धड असून कामून बसायलास?” दोन महिने त्यानं ऐकून घेतलं. मग एका सकाळी काठी उचलून निघाला. अर्ध्या चढावर पडला, तो उठलाच नाही.

गावानं निकाल दिला, कंपाउंडरानं भ्या घातलं म्हणून गेला.

ते त्याच्या बायकोला भेटायला गेले. मी सोबत होतो. ती चिडली नाही. एवढंच म्हणाली, “साहेब, तुमी सांगितलं नसतं तर शेवटाला त्यानं इतकी बोलणी खाल्ली नसती.”

ते उंबऱ्याबाहेर उभेच राहिले. नंतर पारावर कधी गेले नाहीत. कोणी छाती धरून आला तर खाली बघत पोटाचं औषध देत.

“याला तरी सांगा,” मी एकदा म्हणालो.

“न्हाई मास्तर. सांगून बघितलं.”

उन्हाळ्यात बदली मागून ते गेले. कुठं, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

पुढच्या वर्षी पेरणीच्या तोंडावर माझे वडील विहिरीवरून येताना मध्येच खाली बसले. घामानं भिजले होते. “काई न्हाई रे, जरा बसलो,” म्हणाले. मला कळलं होतं. पण रान अर्धं पडून होतं, भाऊबंद बोलायला टपले होते, आणि विचारायला गावात कोणी उरलं नव्हतं. मी गप्प राहिलो.

तिसऱ्या दिवशी वडील बांधावर पडलेले सापडले.