ब्रेकच्या दुकानदाराला मी गाढव म्हणालो

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. ओहायोतल्या एका ब्रेक दुरुस्तीवाल्या गृहस्थाला आमच्या सॉफ्टवेअरनं गाढव म्हटलं, ते वाक्य माझं होतं. त्याबद्दल बोलणी खाल्ली दुसऱ्यानं.

इकडच्या ट्रॉय शहरातलं आमचं ऑफिस गॅरेजवाल्यांना सुटे भाग मागवायचा प्रोग्रॅम पुरवतं. आमच्या टीममध्ये मराठी दोघंच. मी, आणि माझ्याहून दहा वर्षांनी लहान असलेला एक नागपूरकर. प्रोग्रॅम लिहिताना स्क्रीनवर तात्पुरता काहीतरी मेसेज टाकून बघावा लागतो. बाकीचे लोक तिथे ‘टेस्ट’ लिहितात. आम्ही दोघं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचो, कारण वाचणारं तिसरं कोणी नव्हतं. परक्या देशात तेवढीच चैन.

एका दुपारी डबा खाऊन सुस्तावलो होतो. पार्ट नंबरचा रकाना रिकामा सोडला तर काय दिसावं, ते मी लिहीत होतो. मी लिहिलं, ‘अरे गाढवा, नंबर कोण टाकणार, तुझा काका?’ स्वतःशीच हसलो. नंतर काढू म्हटलं. काढायचं राहिलं, आणि महिन्याभरानं नागपूरकरानं नवी आवृत्ती ग्राहकांना पाठवली तेव्हा तेही सोबत गेलं.

ओहायोच्या गृहस्थानं रकाना रिकामा सोडला. मग फोन करून विचारलं, आपल्याला रशियन लोकांनी हॅक केलंय का?

आमच्या बॉस बाई उंच, शांत, दिवसभर गाजर खाणाऱ्या. त्यांनी आम्हा दोघांना काचेच्या खोलीत बोलावलं. हातात मुद्द्यांचा अख्खा कागद होता. आधी मला विचारलं, “तुला ही भाषा येते ना? काय लिहिलंय हे?”

खरं सांगायला तेवढा एक क्षण होता. मी म्हणालो, “आदरानं लिहिलंय. काका म्हणजे वडीलधारे. ‘नमस्कार काका, कृपया नंबर भरावा.’”

नागपूरकरानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी बाईंसमोर कोलांटउडी मारली.

“गोड आहे,” बाई म्हणाल्या, आणि त्याच्याकडे वळल्या. “पण ग्राहकाला हे कळत नाही. हे तुझ्या रिलीजमध्ये गेलंय. तू तपासलं नाहीस. मला हे अजिबात आवडलेलं नाही.”

त्याच्या जागी मी असतो तर आधी सर्व्हर, मग वेळेची कमतरता, मग टेस्टिंगवाले, असा क्रमानं सगळ्यांचा उद्धार केला असता. माझ्यावर टीका झाली की मी आजवर तेच केलंय. त्यानं वही उघडली. बाईंचं बोलणं लिहून घेतलं. म्हणाला, “तुमचं बरोबर आहे. मी तपासायला हवं होतं. आज हे काढतो, उद्यापर्यंत बाकीचे सगळे मेसेज बघतो. यापुढे दुसऱ्या कोणी स्क्रीन वाचल्याशिवाय रिलीज करणार नाही. त्या ग्राहकाला मीच फोन करतो. आणखी काही करायला हवंय का?”

बाईंनी कागदाकडे बघितलं. भांडणाच्या तयारीनं आलेल्या माणसाला भांडणच मिळू नये, तसं झालं त्यांचं. कागदाची घडी घातली आणि त्याला गाजर दिलं.

पार्किंगमध्ये गाडीवरचा बर्फ खरवडताना मी त्याला विचारलं, “तू काहीच कसं बोलला नाहीस?”

“काय बोलू भाऊ? माझ्याच रिलीजमध्ये गेलं ना. अन् लिहिलं बी मीच असंन. मी काहीबाही टाकतच असतो. पण तुमचं भाषांतर! गाढवाचा डायरेक्ट नमस्कार केला यार तुम्ही. वाचवलं मला.”

मी त्याला वाचवलं असं त्याला वाटत होतं! तेव्हा तरी बोलायचं ना. मी काय म्हणालो? “पुढच्या वेळी जरा लक्ष देत जा.”

“हो भाऊ. थँक यू,” तो म्हणाला, आणि माझ्याही गाडीची काच खरवडून दिली.

बाईंनी तो ‘नमस्कार’ मात्र मनावर घेतला. दर सोमवारी लिफ्टपाशी हात जोडून, प्रेमानं म्हणायच्या, “गाढवा!” मी म्हणायचो, गुड मॉर्निंग. मला पटतच होतं ते.

पुढे महिन्याभरात माझी पाळी आली. माझ्या ईमेलमध्ये मुद्दा चौथ्या परिच्छेदात येतो, तोवर माणूस झोपतो, असं बाई म्हणाल्या. सर्व्हरचं नाव ओठांवर आलं होतं, ते गिळलं. नागपूरकर आठवला. मी वही उघडली आणि टोपण न काढताच पेन चालवलं. “तुमचं बरोबर आहे,” म्हणालो. “उद्यापासून मुद्दा पहिल्या ओळीत. आणखी काही?”

बाई खूश. म्हणाल्या, “बारा वर्षांत तू पहिल्यांदा कारण दिलं नाहीस.”

म्हणजे चूक माझी त्याच्या नावावर, आणि त्याची रीत माझ्या नावावर. वसंतात टीम लीडची जागा निघाली. त्याच्या कागदावर ‘तपासणीत निष्काळजी’ अशी एक ओळ होती, माझ्या कागदावर ‘टीका उत्तम रीतीनं स्वीकारतो’. जागा मला मिळाली. त्याच्या बायकोनं अभिनंदन म्हणून पुडाच्या वड्या पाठवल्या. मी चार खाल्ल्या. घरी बायको म्हणाली, “अहो, एवढे गप्प का?” तिखट आहेत म्हणालो.

आता लीड म्हणून त्याचं यंदाचं मूल्यमापन मलाच लिहायचंय. फॉर्म उघडला की जुनी ओळ वरच दिसते, ‘तपासणीत निष्काळजी’. ती असेपर्यंत त्याला बढती नाही. मला ती खोडता येते, पण खालच्या चौकटीत कारण लिहावं लागतं. ती चौकट रिकामी ठेवून फॉर्म पुढे जात नाही. मी तीनदा पाठवून बघितला. फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचाय, आज मंगळवार आहे.

बाईंना सांगायचंय की ते वाक्य मी लिहिलं, त्याचा अर्थ खोटा सांगितला, आणि ही जागा त्याची होती. त्याला सांगायचंय की मी त्याला वाचवलं नाही, त्यानं मला वाचवलं. एवढं मी देणं लागतो, आणि यातलं अजून काहीच दिलेलं नाही.