हेमलताकाकूंना मारायचं कोणी?

हेमलताकाकूंचं कॉमिक्सबद्दलचं पहिलं मत असं, की घाईघाईने पानं उलटणाऱ्याला ती फुकटसुद्धा देऊ नयेत. दुसरं मत मोबाइलवरच्या गेमबद्दल आहे. मेल्यावर पैसे घेऊन परत जिवंत करणारे गेम ज्यांनी काढले, त्यांना एकदा बसवनगुडीत आणून आपल्यासमोर उभं करावं, पुढचं आपण बघून घेऊ, असं त्या म्हणतात. तिसरं मत विचारायला सहसा कोणी थांबत नाही, पण त्या सांगतात.

काकूंनी नुकतीच सत्तरी गाठली आहे. कपाळावर ठसठशीत टिकली, घरातसुद्धा पायात स्लिपर, आणि टीव्हीखाली त्यांच्या मुलाने परदेशी जाताना मागे ठेवलेला गेम खेळायचा कन्सोल. त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातलेला असतो, धूळ बसू नये म्हणून. मी मूळची पुण्याची, इथे शहराच्या दुसऱ्या टोकाला बेळ्ळंदूरला नोकरी करते. आठवडाभर मी कंपनीची असते आणि रविवारी दुपारी हेमलताकाकूंच्या जेवणाच्या टेबलाची. गेली चार वर्षं हे असंच चाललंय आणि मला त्यात काही बदल नकोय.

काकू साताऱ्याच्या. शिकून इथल्या एका सरकारी प्रयोगशाळेत लागल्या तेव्हा त्यांना कानडीचं एक अक्षर येत नव्हतं. मग शेजारच्या मुलांची कानडी कॉमिक्स मागून आणून त्या भाषा शिकल्या. चित्रात माणूस विहिरीत पडतोय आणि त्याच्या तोंडाशी फुगा काढलाय, तर फुग्यात काय लिहिलंय ते कळतंच की, असा त्यांचा हिशोब. परिणाम असा झाला, की पहिलं वर्षभर काकूंना कानडीतून "वाचवा", "धरा त्याला" आणि "आता तुझी खैर नाही" हे अस्खलित यायचं, पण गांधी बाजारात कोथिंबीर मागता यायची नाही. आता सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते आणि त्या माझ्याशी मराठीत बोलतानाही मधेच "ठीक"ऐवजी "सरी" म्हणून मोकळ्या होतात.

प्रयोगशाळेत त्यांचं काम काय, तर धातूच्या कांड्या यंत्रात धरायच्या आणि तुटेपर्यंत ओढायच्या. किती ओढल्यावर तुटली ते लिहायचं, की पुढची कांडी. त्यांचे यजमान रत्नाकरकाका म्हणतात, "सरकारने हिला जन्मभर मोडतोडीचा पगार दिला." काका स्वतः सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. त्यांना आमच्या खेळातलं काही कळत नाही. ते आतल्या खोलीत पेपर वाचत असतात आणि नको तिथे बरोबर ऐकत असतात.

कॉमिक्स कशी वाचायची हे मला काकूंनी शिकवलं. म्हणाल्या, "चित्रं काय, कोणीही बघतं. दोन चौकटींच्या मधे कोरी पट्टी असते ना, ती बघायची. पहिल्या चौकटीत तलवार वर. दुसऱ्या चौकटीत माणूस खाली. मधे मारलं कोणी?"

"तलवारवाल्याने," मी म्हणाले.

"चित्रात दिसतंय का तसं? तू मारलंस. वाचणाराच मारतो." आणि असा माझ्या नावावर खून लागल्यावर त्यांनी चहा दिला.

कन्सोलवरच्या गेमचं त्यांना कौतुक आहे, पण त्यांच्या तक्रारीही आहेत. कुठे जायचं ते दाखवणारा पिवळा बाण त्यांना अजिबात खपत नाही. "एवढं मोठं जंगल काढलंय त्यांनी, झाडं काय, पाणी काय, आणि मी सगळा वेळ त्या बाणाकडे बघत चालायचं? त्यापेक्षा रिक्षात बसते." बाण बंद करता येतो हे आमच्या रविवारच्या टोळीतल्या अद्वैतने दाखवल्यावर त्या तीन दिवस जंगलात हरवल्या होत्या. फार खूश होत्या.

पण त्यांचा खरा जीव आहे तो टेबलावरच्या खेळावर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एकजण सूत्रधार असतो, तो गोष्ट सांगतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र होतात. किल्ल्याचं दार बंद आहे, काय कराल, असं सूत्रधार विचारतो. तुम्ही म्हणता कुलूप फोडते, की मग वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर फुटलं, लहान पडला तर पहारेकरी जागे झाले. शत्रूंचे फासे सूत्रधार टाकतो, आणि ते आम्हाला दिसू नयेत म्हणून पुठ्ठ्याचा एक छोटा पडदा उभा करून त्याच्यामागे टाकतो.

आमचा सूत्रधार शुभंकर. नागपूरचा, व्हाइटफील्डला कामाला. चार वर्षांपूर्वी मराठी मंडळाच्या गणपतीत मुलांना खेळ दाखवायला म्हणून त्याने एक टेबल मांडलं होतं. मुलं आली, फासे हाताळून मोदकांच्या रांगेत गेली. हेमलताकाकू मात्र आल्या त्या खुर्ची ओढून बसल्या. पुढच्याच रविवारी अद्वैतला आणि मला धरून शुभंकर बसवनगुडीत हजर झाला, कारण आमच्या तिघांच्याही भाड्याच्या घरात टेबल नव्हतं आणि काकूंकडे सागवानी होतं.

काकूंनी जे पात्र घेतलं ते ऐकून काकांनी पेपर खाली ठेवला होता. मथुरा, वय बावीस, चोर. मथुरा खोटं बोलायची, शिव्या द्यायची, देवळातल्या पुजाऱ्याचा खिसा कापायची आणि वर त्यालाच शोधायला मदत करायची. एरवी दूधवाल्याला अर्ध्या लिटरचे जास्त पैसे गेले तरी हाक मारून परत देणाऱ्या बाई रविवारी दुपारी अशा काही सुटायच्या की विचारू नका. आणि मथुरा मरायची नाही. अद्वैतची दोन पात्रं मेली, माझं एक दरीत गेलं. मथुरेवर मात्र बाण आले, विष आलं, एकदा अख्खी भिंत आली, तिच्या केसाला धक्का लागला नाही. आम्ही म्हणायचो, काकूंचं नशीबच दांडगं.

जानेवारीतला रविवार होता. पावट्यांचा हंगाम; इथे त्यांना अवरेकाळू म्हणतात आणि काकू त्यांचा उपमा करतात. खेळात आम्ही एका किल्ल्याच्या पाणदरवाजाशी पोचलो होतो. अद्वैत आणि मी बोट पाण्यात ढकलत होतो. मथुरा एकटी लोखंडी दार अंगाने रेटून धरून उभी होती, कारण पलीकडून त्रिविक्रम नावाचा किल्लेदार माणसं घेऊन येत होता. तेवढ्यात काकू गॅसवरचं दूध उतरवायला आत गेल्या. शुभंकरने पडद्यामागे फासा टाकला आणि आवाज चढवून म्हणाला, "दाराच्या फटीतून त्रिविक्रमने भाला फेकला... आणि हुकला! मथुरेच्या कानाजवळून गेला!"

"वीस पडलेत," काकू म्हणाल्या.

स्वयंपाकघराचं दार शुभंकरच्या पाठीशी आहे. काकू हातात सांडशी घेऊन त्याच्या मागे उभ्या होत्या. वीस म्हणजे सगळ्यात मोठा आकडा. भाला हुकणं शक्यच नव्हतं.

शुभंकरने फासा चटकन उचलला आणि तिथेच सगळं कळलं. "काकू, तो आधीचा होता," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"किती वेळा केलंस हे?"

"काकू, जाऊ द्या ना."

"किती वेळा, शुभंकर?"

"चार वेळा. पाच असतील."

"म्हणजे मी पाच वेळा मेलेय आणि मला पत्ताच नाही?"

"आम्हालाही कोणी कळवलं नाही," आतून काका म्हणाले.

हसायची सोय नव्हती. काकूंचा चेहरा उतरला होता. मी त्यांना रागावलेलं पुष्कळदा पाहिलंय, पण हे तसं नव्हतं.

शुभंकर हात जोडून म्हणाला, "काकू, दर रविवारी तुमच्या घरी जेवतो आम्ही. तुमच्या हातचं खायचं आणि तुम्हालाच मारायचं? माझ्याच्यानं नाही होत."

"मला दोनदा मारलंस ते?" अद्वैत उसळला.

"तू काय खाऊ घातलं मला आजपर्यंत?"

काकू खुर्चीत बसल्या. सांडशी टेबलावर ठेवली. "लहानपणी खेळायला गेलं, की एखादं शेंबडं पोर असायचं बघ. त्याला घेतलं नाही तर रडेल, म्हणून घ्यायचं आणि आउट मात्र करायचं नाही. लिंबूटिंबू. चार वर्षं तू मला लिंबूटिंबू ठेवलंस."

"तसं नाही, काकू."

"तसंच आहे. आणि तू वाईट मुलगा नाहीस, तेच तर. सगळे चांगलेच आहेत. मेट्रोत चढले की पोरं उठून जागा देतात. हे पिशवी उचलू देत नाहीत. मुलगा फोनवर सांगतो, आई, जिना जपून उतर. बरं वाटतं रे, नाही असं नाही. पण रविवारी दुपारी कोणीतरी मला मारायला टपलेलं असतं, आणि मी त्याला पुरून उरते, याचं मला केवढं अप्रूप होतं. सोमवारी आठवून हसायचे मी एकटी. आणि तूही नुसता उठून जागाच देत होतास."

मला शुभंकरचा राग आला आणि त्याची दयाही आली. मी सूत्रधार असते तर तो उपमा खाऊन मीसुद्धा काय केलं असतं, सांगता येत नाही.

"भाला लागलाय," काकू म्हणाल्या. "पुढचं सांग."

"आजच्या दिवस राहू द्या. पुढच्या रविवारपासून सगळं उघड्यावर टाकतो. शपथ."

"सरी. मग पुढच्या रविवारपासून मी उपमा करीन, तुम्ही खेळा. मी तिथे खुर्चीत बसून बघीन. पण खोटी खेळणार नाही."

त्या खरंच तसं करतील हे आम्हाला ठाऊक होतं. तुटलेल्या कांडीला त्यांनी कधी न तुटलेली लिहिलं नव्हतं. शुभंकरने पडदा मिटला आणि खुर्चीखाली सरकवला. भाल्याचा घाव किती मोठा, हे ठरवणारे वेगळे फासे त्याने टेबलाच्या मधोमध, उपम्याच्या पातेल्याशेजारी टाकले. आकडे इतके मोठे, की बेरीज करायचीही गरज नव्हती. मथुरा पडली.

आमच्यात नियम असा, की पडलेल्याला शेवटचा एक फासा मिळतो. दहा किंवा वर पडले तर श्वास टिकतो. काकूंनी पदराला हात पुसले आणि फासा घेतला. मी मनातल्या मनात देवाला हाक मारत होते, खोट्या मुलीसाठी. काका पेपर घेऊन दारात येऊन उभे होते.

चार पडले.

मग शुभंकरने मथुरेचं मरण सांगितलं. भाला छातीत घेऊन ती दाराला पाठ लावून तशीच बसली, आणि मेल्यावरही तिच्या वजनाने दार हललं नाही. त्रिविक्रमने वीस माणसं लावली तरी फट वाढेना. तिच्या मुठीत पुजाऱ्याची अंगठी निघाली. चार वर्षांत शुभंकरने इतकं सुंदर काही सांगितलं नव्हतं.

काकू रडल्या. चष्मा काढून, नाक ओढत, चांगल्या रडल्या. "माझी मथुरा गं," एवढंच म्हणाल्या. काकांनी पाणी आणून दिलं आणि बायकोच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. काय झालंय ते त्यांना नीट कळलं नसावं, पण कोणीतरी गेलंय एवढं कळलं होतं.

पाणी पिऊन काकू आमच्यावरच ओरडल्या. "बघत काय बसलात? पोरीने दार धरून ठेवलंय तुमच्यासाठी. बोट ढकला!"

तटावरून माझ्यावर बाण सुटला. शुभंकरने फासा टेबलावर टाकला. तो घरंगळत माझ्या ताटलीला थडकला आणि थांबला, आणि मी एका आकड्याने वाचले. आम्ही चौघं एवढ्या जोरात ओरडलो, की खालच्या मजल्यावरच्या बाई "अक्का, एनायतु?" म्हणजे काय झालं, असं विचारत जिना चढून वर आल्या. त्यांनाही उपमा दिला.

हे सगळं होऊन आता दोन महिने झाले. पडदा काकूंनी काकांना देऊन टाकला, ते त्याच्यावर पेपर टेकवून वाचतात. काकूंचं नवं पात्र म्हणजे अप्पासाहेब, बढाईखोर म्हातारा पैलवान, बायकोला भिणारा. गेल्या रविवारी अप्पासाहेब एका पुलावर भांडण उकरून उभे राहिले आणि समोरच्याने कुऱ्हाड उचलली. शुभंकरच्या तोंडात घास होता. त्याने डाव्या हाताने फासा टाकला. वीस. शुभंकरने घास गिळला, काकूंच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, "लागली, काकू. चांगली लागली."

काकूंनी खुर्ची पुढे ओढली. चेहरा नुसता फुलला होता.

"किती?" त्यांनी विचारलं.