तो प्यायला नव्हता

परवा गावात पाणपोई सुरू झाली. नारळ माझ्या हातून फोडून घेतला आणि माइकवाल्याने मला "उन्हातान्हात माणसाची काळजी घेणारे आप्पा" म्हटलं. टाळ्या पडल्या. म्हणून आता लिहितो.

रांजणगावला कंपन्या आल्यावर कारेगावात आमच्या वावरात मी पत्र्याच्या खोल्या काढल्या. भिंती पत्र्याच्या, वर पत्राच. परराज्यातली पोरं भाड्याने राहायची. शेजारी माझा गोठा होता. उन्हाने जर्सी गाईंचं दूध घटतं, म्हणून गोठ्याच्या पत्र्यावर मी उसाचं पाचट अंथरायचो आणि दुपारी त्यावर पाइपने पाणी मारायचो.

खोलीतला एक बिहारी पोरगा रातपाळीला होता. त्याची झोप दिवसाची. एकदा मी पाणी मारत असताना तो म्हणाला, "चाचा, थोड़ा हमारी छत पे भी डाल दो ना."

"तू दूध देता है क्या?" मी म्हणालो.

तोही हसला. पुढे कितीतरी दिवस खोल्यांतली पोरं त्याला विचारायची, "आज कितने लीटर?"

मग तो देवळाच्या सभामंडपात झोपू लागला. तिथली फरशी गार. पण दुपारी तिथं आमच्या भावकीचा पत्त्यांचा डाव बसायचा. एकाने मला सुनावलंच, "आप्पा, तुमचं भाडेकरू देवाकडं पाय करून घोरतंय. भाडं तुम्ही खायचं आन् आम्ही त्याचे तळपाय बघायचे व्हय?" त्या वर्षी मला ग्रामपंचायतीला उभं राहायचं होतं. मी पोराला बजावलं, "सोना है तो अपनी खोली में. मंदिर में दिखना नहीं." तो "जी चाचा" म्हणाला आणि खोलीत झोपू लागला.

मे महिना. दुपारची वीज जायची, पंखा बंद. अशा एका दुपारी त्याचा जोडीदार पळत आला. पोरगा खोलीच्या दारात पडला होता. अंगाला हात लावला तर चटका बसावा, आणि घामाचा थेंब नाही. काहीबाही बरळत होता.

"चाचा, जीप निकालो."

"चढ़ गयी है उसको. उतर जायेगी," मी म्हणालो आणि जेवायला गेलो.

मी वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला होता. दारूचा वास नव्हता.

ऊन कलल्यावर जीप काढली. शिरूरला पोचेपर्यंत तो गेला होता. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. मी गावात दारूचं सांगितलं, माझ्या खोल्यांचं नाव निघू नये म्हणून. गावाला ते लगेच पटलं. जोडीदार माझ्याच खोलीत राहत होता, तो गप्प बसला.

बाप आला तेव्हा पोराला अग्नी देऊन झाला होता. अस्थी घेऊन निघालेल्या त्या माणसाला मी माझ्या जीपने दौंडला गाडीत बसवून द्यायला गेलो. गावात माझं त्याबद्दलही कौतुक झालं. वाटेत तो एवढंच बोलला, "मेरा लड़का तो पीता नहीं था."

"इधर आके सब पीते हैं," मी म्हणालो.

दौंडच्या फलाटावर गाडी लागली. चढण्याआधी त्याने गाठोडं काखेत धरून मला हात जोडले. पोराने तुमच्या घरात राहून दारू प्यायली, तुम्हाला त्रास झाला, माफ करा, असं तो त्याच्या बोलीत म्हणाला.

मी म्हणालो, "कोई बात नहीं."