कुत्रं चावलं तो धवला

आमच्या सापगावात गिरजाला गिरजा कुणी म्हणत नाही, धवलारीण म्हणतात. हळद लावताना जी बाई धवले गाते ती धवलारीण. भटजीला उशीर झाला तर चहा फिरवून वेळ काढता येतो, पण धवलारीण आली नाही तर नवरी पाटावर तशीच बसून राहते. ही गिरजा माझ्या शेजारची, माझ्याच वयाची. माझी मिस्रीची डबी बहुतेक तिच्याच घरी असते.

गिरजाला धवले किती येतात ते देवाला ठाऊक, पण एकाचंही नाव तिला सांगता येत नाही. धवल्याला नाव नसतंच.

"काल कुठला गायलीस गो?" म्हणून विचारलं की म्हणणार, "तो नाय का गो मैने, पापड भिजले तवाचा."

कुठल्या लग्नात काय घोटाळा झाला, त्यावरून तिचं गाणं ओळखायचं. वरमाय रुसली तो. मांडव कलला तो. कुत्रं चावलं तो.

माझी नातसून रुपाली शहापूरला ग्रंथालयात कामाला आहे. तिनं गिरजाला आपला जुना फोन दिला आणि सांगितलं, "गायला बसलात की हे लाल बटण दाबायचं." गिरजा दाबायची, पण बंद करायला विसरायची. त्यामुळे फोनमध्ये गाणी होती, आणि गाण्यांच्या शेपटाला गिरजाचं जेवणही होतं. एका ठिकाणी तर नुसतं घोरणं.

अशी दोन-तीन वर्षांची लग्नं साठली. मग एका रविवारी रुपाली आमच्या ओटीवर लॅपटॉप घेऊन बसली.

"आजी, सगळ्यांना नुसते नंबर पडलेत. नंबरावरून काय सापडणार? प्रत्येक गाण्याला खुणा लावू. कुणाचं लग्न, कुठलं गाव, कुठल्या वेळेचं गाणं. मग एक शब्द टाकला की गाणं समोर." तिच्या कामावर याला मेटाडेटा म्हणतात.

मला कळलं. "आमी कोंबडीच्या पायाला चिंधी बांधतो, तसंच हे," मी म्हटलं.

"चिंधी म्हणजे कोंबडी नाही हो आजी," रुपाली हसत म्हणाली.

"नाय ना. पन चिंधी नसली तर माझी कोंबडी दुसऱ्याच्या टोपात शिजते."

गिरजा खुणा सांगायला बसली. रुपाली विचारायची, "कुणाचं लग्न?" गिरजा म्हणायची, "वांग्यात मीठ जास्त पडलं त्यांचं." रुपालीनं आधी कपाळाला हात लावला, मग वांगंही लिहिलं आणि नवऱ्याचं नावही लिहिलं. मुलगी गुणाची आहे.

"काही खुणा फोन स्वतःच लावतो," रुपाली म्हणाली. "तारीख, जागा. हे बघा, हे वैशाखरे गावातलं, मागच्या महिन्यातल्या संकष्टीचं."

गिरजाची सून लहानी बाजूला वाल सोलत बसली होती. तिचा हात थांबला. गिरजाचा घसा वरचेवर बसतो म्हणून तिनं सासूला लांबच्या लग्नांना जायची बंदी घातली होती.

"आत्याबाय, संकष्टीला तर तुमी गुडघा दाखवाया शहापूरला गेलत्या."

गिरजानं फोनकडे असं बघितलं की जणू तो चुगली करणारा जावई आहे. मग म्हणाली, "डाक्टर वैशाखऱ्यात आलता."

"आन तो काय हळद लावून घेत व्हता?"

त्या दिवशी गिरजाला चहा मिळाला नाही. तिनं आमच्याकडे घेतला.

लहानी घशाबद्दल बोलायची ते खरं झालं. गिरजाच्या घरात नातीचं, रेश्माचं लग्न आलं, आणि हळदीच्या आधी गिरजाचा आवाज गेला. बसला नाही, गेलाच. कुणाच्या तरी मांडवात रात्रभर गाऊन वर बर्फाचा गोळा खाल्ला होता. डॉक्टरनं सांगितलं, एक शब्द बोलायचा नाही.

रेश्मा पाटावर बसली आणि हटून बसली. "आजीचा धवला नाय तर मला हळद लावू नका."

आटगावची धोंडूबाई, तीही धवलारीण, जेवायच्या आवतणावर आली होती. ती कोपऱ्यात बसून घसा खाकरत होती. गिरजानं तिच्याकडे बोट केलं आणि नको म्हणून मान अशी हलवली की अंबाडा सुटला.

रुपाली म्हणाली, "थांबा, गिरजाआजींचा आवाज आहे ना आपल्याकडे." डीजेच्या डब्याला लॅपटॉप जोडला. 'हळद' टाकलं तर अख्खी रांग आली. पण धवल्यात नवरा-नवरीची नावं गुंफलेली असतात, आणि दुसऱ्याच्या नावानं गायलं तर हळद दुसऱ्यालाच लागते असं आमच्यात धरतात. म्हणून तिनं 'रेश्मा' टाकलं. एकच आलं. घाईत पुढचं न वाचताच लावलं. गिरजाचा आवाज मांडवभर झाला, बायकांनी पदर डोळ्यांना लावले, आणि दुसऱ्या ओळीला गिरजा गायली, रेश्मा बायचा अक्षय नवरा.

आमच्या नवऱ्याचं नाव आदेश.

उष्टी हळद घेऊन आलेली आदेशची आत्या उठून उभी राहिली. "हा अक्षय कोन?"

"अहो, ती रेश्मा निराळी, वैशाखऱ्याची," रुपाली सांगत होती, पण आत्याला सगळं सुरुवातीपासून पाहिजे होतं. धोंडूबाईनं पाणी मागवून घेतलं, गाण्याआधी पितात तसं.

तेवढ्यात गिरजा मांडवाच्या मधोमध आली. हाताची बोटं वाकवली, दात दाखवले आणि माझी पिंढरी धरली. बायकांना वाटलं, म्हातारीला झटका आला. मला कळलं.

"रुपाली, कुत्रं टाक," मी म्हटलं. "कुत्रं चावलं तो."

नावं सांगायला घरची एक म्हातारी धवलारणीच्या कानाशी बसते. त्या लग्नात कुत्रं सुटलं आणि ती म्हातारी पळाली. मग गिरजानं नावं कुठून आणायची? अख्खा धवला तिनं 'नवरी बाय, नवरा देव' करत निभावला. नावाविना असा तो एकच.

रुपालीनं 'कुत्रं' टाकलं. आलं. तिनंच लिहून ठेवलं होतं.

धवला सुरू झाला, आणि हळदही. मधेच डब्यातून कुत्रं भुंकलं. "धरा रे त्याला," कुणीतरी ओरडलं. गावातली कुत्री मांडवाबाहेर जमून उत्तर द्यायला लागली. तेव्हा ज्याला चावलं होतं तो गोमाभाऊ पाहुण्यांतच बसला होता. त्यानं गुपचूप दोन्ही पाय खुर्चीवर घेतले.

आणि जिथं गिरजा 'नवरी बाय' म्हणत होती, तिथं कोपऱ्यातून बारीक आवाज आला, 'रेश्मा बाय'. पुढं 'आदेश देव'. धोंडूबाई. तिला राहवलं नाही. तिनं शेवटपर्यंत एक नाव सोडलं नाही. आदेशची आत्या खाली बसली. गिरजा धोंडूबाईकडे डोळे वटारून बघत होती आणि मांडीवर ताल धरत होती, दोन्ही एकदमच.

रुपालीनं तेही सगळं फोनमध्ये भरून घेतलं. आठवड्यानं गिरजाला आवाज फुटला तेव्हा रुपाली विचारायला गेली, याला काय खूण लावू, रेश्माची हळद लिहू का?

गिरजानं माझ्या डबीतली मिस्री लावली, सावकाश.

"लिव," ती म्हणाली, "धोंडूबाईनं नाक खुपसलं तो."