विहीणबाईंच्या घरचं पिंप

निम्मा रस्ता संपला तरी मावशीचं तोंड काही थांबलं नव्हतं. दोघींच्या मध्ये नवं कोरं निळं पिंप. एक कडी मावशीच्या हातात, दुसरी भाचीच्या.

"मावशी, जरा टेकूया ना."

"टेकलीस की उठायची नाहीस. लिहून लिहून गुडघे गंजलेत तुझे!"

मावशीचा धंदा पिंपांचा. रसायनांच्या कारखान्यातली रिकामी पिंपं आणायची, सोडा घालून कढत पाण्याने घासायची आणि पाणी साठवायला घरोघरी विकायची. धुऊन झालं की ती आत डोकं घालून वास घ्यायची. वास गेला की माल तयार. तिच्या नाकावर अख्ख्या गल्लीचा भरवसा! पण पुढे तिच्या हातांची सालं निघू लागली, आणि धुवण ओतायची तिथे गवताची काडी उगवेना. डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं, "वास जातो, विष जात नाही. प्लास्टिक ते पिऊन बसतं आणि हळूहळू पाण्यात सोडतं. तुमच्या घरामागच्या मातीलाही सावरायला वर्षं लागतील."

मावशीने देवापुढे दिवा लावला, डोळे पुसले आणि विकलेली पिंपं परत आणायला निघाली. जुन्याच्या जागी नवं द्यायचं आणि जुन्याच्या बुडाला भोक पाडायचं. धंद्यात पिंपाला भोक पाडणं म्हणजे आपल्याच चुलीत पाणी ओतणं. लोक हसायचे, "विकलेला माल परत नेणारी दुकानदारीण पहिल्यांदाच बघतोय!"

"बघून घ्या, फुकट आहे," मावशी म्हणायची.

आता राहिलं होतं एकच. लेकीच्या लग्नात तिने स्वतः दिलेलं. लेकीला सातवा महिना लागलेला. गल्लीभर बडबडणारी मावशी विहीणबाईंच्या उंबऱ्याशी मात्र थेट मुद्द्यावर आली.

"विहीणबाई, दिलेलं परत मागायला आलेय."

"अगंबाई! सून न्या हवी तर, पिंप नाही मिळायचं. तुमच्या पारखीचं म्हणून मिरवते मी."

"ती पारखच चुकली हो." मावशीने सगळं सांगितलं, सोललेले हात पुढे केले.

विहीणबाई तडक उठल्या आणि सुनेच्या हातातला पाण्याचा पेला काढून घेतला. पिंप रिकामं करून अंगणात पालथं घातलं.

"छिन्नी आणा इकडे. भोक मी पाडणार. सुनेच्या माहेरचं काहीतरी फोडायला मिळतंय, संधी सोडते की काय!"

पहिला घाव निसटून पिंप गडगडत मावशीच्या पायाशी आलं. दोघी हसून हसून खालीच बसल्या.

"अगं आई, पुरे! बाळ लाथा मारतंय," लेक पोट धरून ओरडली.

परतताना भाचीने विचारलं, "मावशी, तुझ्यावर लिहू का गं?"

"लिही की. पण साध्वीबिध्वी करू नकोस मला. एवढं लिही, कुणाच्या घरी कारखान्यातलं पिंप असेल तर त्यातलं पाणी पिऊ नका, मला निरोप धाडा. छिन्नी देऊन विहीणबाईंना पाठवते."