माशीच्या आईने न दिलेलं

गूळ आणि रवा एकत्र शिजण्याचा वास आला की परभणीच्या कॉलेजातली ती दुपार आठवते. फळमाश्यांचं खाद्य आम्ही प्रयोगशाळेत तसंच शिजवायचो. बाटल्या धुणाऱ्या मावशी म्हणाल्या, "आमी घरी माश्या हाकलतो अन् तुमी पाळायलाव! काय बघता ताई त्यांच्यात?" मी फारशी कोणाशी बोलत नसे, पण त्या दिवशी उत्साहाने सांगून टाकलं, की काही जीन्स जागा बदलत उड्या मारतात आणि माशीच्या अंडाशयाची नासधूस करतात, आई अंड्यातून इवलेसे आरएनए देते, ते त्यांना गप्प बसवतात, या माश्यांच्या आयांकडे ते नव्हतेच, म्हणून लेकी वांझ निघाल्या. मावशींचा ब्रश बाटलीतच थांबला. मूल होत नाही म्हणून त्यांच्या लेकीला जिंतूरला सासरी टोमणे खावे लागत, हे मला माहीत होतं, तरी बोलताना लक्षात आलं नाही. "म्हंजी मीच लेकीला कमी दिलं म्हणा की," त्या म्हणाल्या. हे फक्त माश्यांचं आहे, आणि उड्या मारणारे जीन्स तर बापाकडून आले होते, एवढंच मला सांगायचं होतं. पण सगळे शब्द इंग्रजीच सुचत होते आणि मी नुसती "नाही, नाही" म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी मावशी दिसल्या नाहीत. विचारलं तर शिपाई म्हणाला, "लेकीची माफी मागाया गेल्यात जिंतूरला." आता मी हाच धडा वर्गात सोप्या मराठीत शिकवते आणि सुरुवात बापापासून करते. मावशींना मात्र ते सांगायचं राहूनच गेलं.