अध्यक्षांनी शेवटी बोलायचं

आमच्या संस्थेचे कार्यकारी अधिकारी पुण्याचे. रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी ते मला कार्यालयाची नवी मांडणी दाखवत होते, म्हणजे माझंच कार्यालय मलाच दाखवत होते, आणि मी आपली मान डोलवत म्हणत होते, ‘सरी, सरी.’ थोड्या वेळानं ते थांबले. ‘अहो काकू, सारखं सॉरी कशाला म्हणताय? तुमचं काय चुकलंय?’

मी एवढ्यांदा हसले की खालचा मिक्सर दुरुस्त करणारा बाहेर येऊन वर बघायला लागला.

‘सरी’ म्हणजे कानडीत बरं, ठीक. आमची घराणी कितीतरी पिढ्यांमागं फौजेबरोबर इकडे कानडी मुलखात आली आणि इथलीच झाली. आमचं मराठी कानडीच्या शेजारी इतकं नांदलंय की कुठलं भांडं कुणाच्या घरचं, ते आता सांगता यायचं नाही. पुण्या-मुंबईची मंडळी आमचं बोलणं ऐकून गालात हसतात. हसू देत बापडे. त्यांचं ‘मी तुम्हाला ते शेअर करून ठेवतो’ ऐकून मी काय कमी हसते? फक्त तोंडावर हसत नाही.

त्या अधिकाऱ्यांना मी तेव्हाच समजावून सांगितलं होतं. तोडून म्हटलेली ‘सरी’ म्हणजे ठरलं, उठा आता. लागोपाठ दोनदा म्हटली की पुरे, समजलं. आणि एक ‘सरीऽ’ असते ओढलेली, जिच्यामागून ‘पण’ येतोच येतो. ती म्हणजे तुझं ऐकलं, आता माझं ऐक. त्यांनी हे सगळं मनापासून ऐकलं आणि विचारलं, ‘मग काकू, ओळखायचं कसं?’ मी म्हटलं, ‘घरात राहून.’

माझ्या घरात ते ओळखणारा एक होता. माझा मुलगा.

त्याला स्नायू झिजवत नेणारा आजार होता. आधी पाय गेले, मग हात, मग श्वासावर आलं. नाकातोंडावर यंत्राचा मास्क चढल्यावर लांबलचक वाक्य एका दमात निघेना, तेव्हा त्यानं हा शब्द पकडला. पाणी देऊ? सरी. कूस बदलू? सरी. नको असलं तरी सरीच, पण ओढून. नर्सबाई हटकून फसायच्या आणि त्याला उगाच या कुशीवरून त्या कुशीवर करायच्या. मी कधी फसले नाही. आणि माझीही त्याच्यापुढं डाळ शिजत नसे. डॉक्टरांकडून आलं की तो रिपोर्टचं विचारी, मी सांगायची, शेवटी म्हणायची, ‘चांगलं आहे रे, सरीऽ...’ की मास्कमधून लगेच फुसफुस यायची, ‘पण?’

एवढासा शब्द. तेवढ्यासाठी त्याला एक अख्खा श्वास खर्चावा लागायचा.

त्याच्याच आजारपणात आम्ही नवराबायकोनं आणि अशाच काही आईबापांनी मिळून ही संस्था काढली. या आजारावर औषध शोधणाऱ्या प्रयोगशाळांना हातभार लावायचा, आणि तो कशाला, कसा लावायचा हे ठरवताना आजारी मुलांच्या घरच्यांना तोंड उघडायला जागा द्यायची. त्याला तपासणारे डॉक्टर, ते आता निवृत्त आहेत, पहिल्यापासून आमच्याबरोबर. राजाजीनगरात पहिल्या मजल्यावर जागा मिळाली. चाकाच्या खुर्चीतल्या मुलांची संस्था, पहिला मजला आणि लिफ्ट नाही! घरमालकाशी मी असं काही भांडले की शेवटी त्यानं लिफ्ट बसवली आणि माझ्याशी बोलणं सोडलं. लिफ्ट महत्त्वाची होती.

मुलगा गेला. त्याच्यामागून वर्षाच्या आत हे गेले. घरात तीन माणसांचं सामान आणि मी एकटी. लोक म्हणाले, आता संस्थेतून जरा मोकळ्या व्हा. मी उलट अध्यक्ष झाले. खोटं कशाला बोलू, घर खायला उठायचं. महिन्याला विश्वस्तांची बैठक असे, त्या दिवशी तेवढं माझ्या तोंडाला पोटभर काम मिळायचं. बाकीचे दिवस फुलवाली, आटोवाला आणि कुकरच्या शिट्ट्या.

आणि तिथंही मीच माझ्या तोंडाला कुलूप घातलं. अध्यक्ष झाल्याझाल्या मी शिस्त लावली की बैठकीत अध्यक्षांनी शेवटी बोलायचं. आपण आधी बोललो की सगळे ‘मॅडम म्हणतात तेच’ म्हणून मोकळे होतात आणि चहाकडे बघायला लागतात. शास्त्रज्ञांना उंदरांवरचे प्रयोग हवे असतात, आईबापांना आजच्या आज काहीतरी हवं असतं. दोघांचंही खरं असतं, दोघंही हमरीतुमरीवर येतात, आणि आपण जिभेवर आलेलं गिळत बसायचं. शिस्त चांगलीच होती. पण खुर्चीत बसलं की माणसं आपल्याशी बोलायची थांबतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चहाच्या वेळी घोळक्यात गेले की आवाज खाली यायचे, ‘या मॅडम’ म्हणून वाट मिळायची, आणि त्या वाटेच्या मधोमध मी कप घेऊन उभी. फार एकटं वाटायचं. कुणाला सांगणार? अध्यक्षांनी शेवटी बोलायचं.

गेल्या वर्षी नियमांची दुरुस्ती निघाली. आमच्या घटनेत पहिल्यापासून एक कलम होतं, अध्यक्ष रुग्णाच्या घरातलाच हवा. बड्या लोकांनी संस्था गिळू नये म्हणून आम्हीच घातलेलं. आता नव्या औषधांच्या चाचण्या मुलांवर सुरू व्हायच्या होत्या. कुठल्या चाचणीला हो म्हणायचं, किती धोका पत्करायचा, हे ठरवताना खुर्चीवर कोण असावं यावर चर्चा झाली आणि डॉक्टरांनी कलमाचा नवा मसुदा केला. इंग्रजीत होता, पण मी तो मनात मराठीत वाचला. अध्यक्ष ‘हयात रुग्णाचा पालक’ असावा.

हयात! पेन्शनसाठी दर वर्षी मी बँकेत हयातीचा दाखला देते. यंत्रावर अंगठा टेकवायचा, कारकून बाई म्हणतात ‘आयतु अम्मा’, झालं, म्हणजे मी जिवंत. आता आईपणालाही हयातीचा दाखला लागणार होता आणि त्यासाठी टेकवायला माझ्याकडे अंगठा नव्हता.

माझा जीव त्या खुर्चीत अडकला होता, कबूल. पण मानासाठी नव्हे. तिथं लोक मला त्याची आई म्हणून ओळखायचे. नवा मुलगा खुर्चीत बसून लिफ्टनं वर आला की त्याचे आईबाप मला विचारायचे, ‘तुमच्या मुलाचं कसं होतं?’ मग मी त्याच्याविषयी बोलायची. दुसरीकडे कुठं मला हा प्रश्न कोण विचारतंय? ती खुर्ची गेली की त्याचं नाव घ्यायची माझी जागाच गेली. आणि मसुदा चुकीचा असता तर मी वाघिणीसारखी भांडले असते. तो बरोबर होता, म्हणूनच जास्त झोंबला. धड ओरडता येईना, आपलेच दात नि आपलेच ओठ.

तरी मी ठरवलं, बोलायचंच. बैठकीला जाताना आटोत मी वाक्याची तालीम केली. ‘सरीऽ, पण मुलगा गेला म्हणून मी त्याची आई राहिले नाही काय?’ एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा आवाज चढला. आटोवाल्यानं आरशातून बघितलं. ‘एनु अम्मा? फोना?’

‘हो अण्णा, फोन.’

माझ्या हातात पिशवी आणि मिटलेली छत्री. त्यानं दोन्हीकडे नीट बघितलं आणि म्हणाला, ‘सरी अम्मा.’

माझ्यानंतर कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. निपाणीकडची एक बाई दोन वर्षांपूर्वी विश्वस्त झाली होती. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात खरेदी विभागात काम करते. नवरा दूर नोकरीला, मुलगा तेरा-चौदाचा, याच आजाराचा. बैठकीला यायची ती कारखान्याचं ओळखपत्र गळ्यात तसंच लटकवून. कानामागून येऊन तिखट झाली म्हणावं, तर पोर तिखटही नव्हती. आदल्या आठवड्यातच मला म्हणाली होती, ‘अक्का, झेपंल काय वो मला हे? तुम्ही असताना मी कशाला?’

त्या दिवशी अधिकाऱ्यांनी मसुदा वाचला. डॉक्टर बोलले, माझ्याकडे न बघता, आणि एवढे जपून बोलले की मला रागच आला. मग एकेक जण बोलला. प्रत्येकानं माझं कौतुक केलं. माणूस समोर बसलेला असताना त्याच्याविषयी भूतकाळात बोलू नये, एवढं तरी शिकलेल्या लोकांना कळावं की नाही?

तिची पाळी आली आणि तिचा फोन वाजला. ‘घरचा आहे,’ म्हणत ती उठून दाराबाहेर गेली. दार पुरतं लागलं नाही. आम्हाला सगळं ऐकू येत होतं. त्यांच्याकडे बायकाही ‘येतो, जातो’ म्हणतात.

‘हां राजा... नाही, मास्क काढू नको. लागतंय? कुठं लागतंय? मावशीला सांग सैल करायला. येतो की मी... आत्ता येतो. ऐक, काढू नको...’

मला हेवा वाटला. सरळ सांगते, अगदी पोटातून हेवा वाटला. कुणी आजाराचा हेवा करतं का? मी केला. पट्ट्याचा वळ उठलेलं ते नाक, रात्रंदिवस चालणाऱ्या त्या यंत्राची घरघर, ‘लागतंय’ म्हणणारं कुणीतरी, हे सगळं तिच्या घरी होतं आणि माझ्या घरी नव्हतं. माझ्या घरून आजार गेला होता. जाताना एकटा गेला नाही, एवढंच.

आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ती बाहेर असल्यामुळं शेवटची पाळी माझी आली होती.

मी म्हटलं, ‘सरीऽ...’

तालमीसारखीच ओढून म्हटली. पुढचा ‘पण’ ओठावर होता. पण बाहेरून पुन्हा तिचा आवाज आला, ‘येतो राजा,’ आणि मी दाराकडे वळून बघितलं. क्षणभरच. तेवढ्यात डॉक्टरांनी सुटकेचा मोठा सुस्कारा सोडला. ‘थँक यू, अक्का,’ म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. इतकी वर्षं माझी ‘सरी’ ऐकलेली कानडी माणसं ती, त्यांच्या हिशेबी अध्यक्ष शेवटी बोलल्या होत्या आणि ठीक आहे म्हणाल्या होत्या.

टाळ्यांच्या आवाजात ती आत आली. बावरून म्हणाली, ‘काय झालं वो?’ कुणीतरी सांगितलं. ती धावत माझ्याजवळ आली आणि माझे दोन्ही हात धरून रडायला लागली. तिच्या मुठीतला फोन अजून गरम होता.

आता तिच्या तोंडावर ‘पण’ म्हणायचं? मोठं मन वगैरे काही नाही हो. माझा धीर झाला नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, ‘जा, आधी घरी जा. पट्टा नाकावर नाही, वर कपाळाकडे सैल करायचा. सांभाळणाऱ्या मावशींना तिथलं कळत नाही.’ ती डोळे पुसत गेली. कागदावर सही तिनं पुढच्या बैठकीत केली.

लिफ्टमध्ये अधिकारी माझ्याबरोबर उतरले. बटणांकडे बघत म्हणाले, ‘काकू, एक विचारू? मघाशी तुम्ही सरी म्हणालात की सॉरी?’

मला असा संताप आला! ‘तुम्हाला काय ऐकू आलं?’

‘नक्की नाही कळलं. म्हणून विचारतोय. इतिवृत्तात काय लिहू?’

भला माणूस. त्या खोलीत शंका आली ती फक्त त्याला, पुण्याच्या पाहुण्याला. मी त्याच्याकडे बघितलं. सांगितलं असतं तर त्यानं खरंच बैठक परत बोलावली असती.

‘लिहा, अध्यक्षांनी संमती दिली.’

‘ओके काकू,’ तो म्हणाला, आणि माझ्यासाठी आटो बघायला रस्त्यावर गेला.

घरी आले. कुलूप काढताना सवयीनं ओरडले, ‘आले रे!’ तो पलंगावरून मान वळवू शकत नसे, दार वाजलं की दचकायचा, म्हणून लागलेली सवय. आता सुटायची नाही. चपला काढल्या, पिशवी ठेवली, आणि तशीच त्याच्या खोलीत गेले. पलंग आहे. यंत्र आम्ही दुसऱ्या मुलाला देऊन टाकलं, त्याच्या जागी भिंतीवर चौकोनी डाग आहे.

मी पलंगाच्या कडेला बसले आणि त्याला सगळं सांगितलं. आटोवाल्याचं सांगितलं, डॉक्टरांचं, निपाणीच्या बाईचं, तिच्या मुलाच्या पट्ट्याचं. पोरगी चांगली आहे म्हटलं, सांभाळेल. मला आता दर महिन्याला जायला नको, बरंच झालं, गुडघेही दुखतात.

‘चांगलं झालं रे,’ म्हटलं. ‘सरीऽ...’

आणि त्यानं ‘पण?’ म्हणावं म्हणून थांबले.